सह्याद्रीतील वैमानिकीय हवामान पूर्वानुमान : महाड व पोलादपूर

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर तालुक्यांत विमानतळ नाही. तथापि पूर येऊन वा दरडी कोसळून रस्ते बंद झाले, की हा प्रदेश हेलिकॉप्टरवर अवलंबून राहतो. आणि तेच हवामान उड्डाणासही घातक असते. पोलादपूरपासून महाबळेश्वर हवाई मार्गाने सु. २० किमी. असून तेवढ्या अंतरात भूमी एक किमी.हून अधिक चढते. मोसमी वारे या कड्यावर वर ढकलले जाऊन माथे ढगांनी झाकले जातात व सावित्रीच्या खोऱ्यातील दृश्यमानता घटते.

टाटांची कराची–मद्रास हवाई टपालसेवा १९३२ मध्ये सुरू झाली. जुहूचे मैदान पावसाळ्यात निरुपयोगी होत असल्याने विमाने व कर्मचारी पुण्यास हलविले जात. पूर्वानुमानापेक्षा स्थलांतरावरच तेव्हा अधिक भिस्त होती, असे म्हणावे लागते.

पुण्यास १९६२ मध्ये उष्णदेशीय वातावरणविज्ञानाची संशोधनसंस्था स्थापन झाली. तेथील आर. पी. सरकार यांनी १९६६ मध्ये पश्चिम घाटावरील पर्जन्याचे गतिकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. डोंगरामुळे हवेला मिळणारा ऊर्ध्व वेग काढून त्यावरून पाऊस मोजावयाचा, ही त्यातील रीत. सर्वाधिक पाऊस माथ्याच्या अलीकडे पडतो, असे तीवरून दिसून आले. हाच ऊर्ध्व वेग विमानाला वर-खाली लोटतो. म्हणजे वैमानिकास हवी असलेली राशी हाती आली होती. ती रोज, वेळेवर व स्थळवार काढण्याची साधने मात्र नव्हती.

याच संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्ली विमानतळावर धुक्याची प्रत्यक्ष मोजमापे सुरू केली व त्यांच्या आधारे विमानसेवेसाठी पूर्वानुमाने सुधारली. मोठ्या विमानतळापाशी संशोधन लवकर उपयोगात येते. विमानतळाचे पूर्वानुमान धावपट्टीच्या परिसरापुरते असते. घाटाखालच्या दरीस ते लागू पडत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. महाबळेश्वरास २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सु. ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी पहाटे नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर मुंबईच्या शिक्रा तळावरून पोलादपूर भागाच्या पाहणीस निघाले. कुलाब्याचे रडार येथून सु. ११० किमी. दूर आहे. त्याची शलाका अर्ध्या अंशाने वर रोखली, तरी पृथ्वीच्या वक्रतेमुळे महाडवर ती दीड किमी.हून अधिक उंचीवरून जाते. हेलिकॉप्टर ज्या ढगांखालून वाट काढते, ते तिच्या खालीच राहतात.

मे २०२५ मध्ये पुण्यात विकसित झालेली ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ भारतीय हवामान विभागाच्या नित्य वापरात आली. तिच्या जालकातील अंतर १२ किमी.वरून ६ किमी.वर आले आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर या टप्प्यात पूर्वी जेमतेम दोन चौकटी बसत, आता तीन-चार बसतात. तळियेसारख्या वाडीमागची घळ मात्र त्यांतील एका चौकटीतच सामावून जाते.