चपटा, गोल आणि चुरा

नौगावला फेब्रुवारी लागला की गांजा तुडवायचे दिवस येत. नौगाव म्हणजे तेव्हाच्या बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यातलं, आता बांगलादेशात गेलेलं गाव. सरकारच्या देखरेखीखाली गांजा पिकवणारा इंग्रज अमदानीतला सगळ्यात मोठा मुलूख त्याच्याभोवती होता. कापलेली झाडं ‘चातर’ नावाच्या खळ्यावर येत. दिवसा ऊन, रात्री दव खाऊ दिलं की ती मऊ पडत, आणि मग पायांचं काम सुरू होई. चपटा गांजा करायचा तर झाडं गोल मांडून माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांच्यावरून फेर धरत. तुरे दाबून दाबून पंख्यासारखे सपाट होत. गोल गांजा हवा असेल तर आडव्या बांधलेल्या बांबूला धरून उभं राहायचं आणि एकेक डहाळी तळपायाखाली वळायची, शेवया वळाव्यात तशी. या खटाटोपात जे तुटून खाली पडे तो चुरा.

शेत एक, बियाणं एक, हंगाम एक. फरक एवढाच की एक पायाखाली दाबला आणि दुसरा पायाखाली वळला.

तरीही गिऱ्हाईक अडून बसे. चपट्याची सवय असलेला गोल घेत नसे, गोल ओढणारा चपट्याला नाक मुरडी. दोघांनाही आपला माल जास्त चढतो याची खात्री. यात नुसता भ्रम नव्हता. चपट्यात काड्या पुष्कळ राहत, गोलात कमी आणि चुऱ्यात जवळजवळ नाहीतच. अबकारी खात्याने हे बरोबर हेरलं होतं. शेरामागे सगळ्यात कमी कर चपट्यावर, त्याहून जास्त गोलावर आणि सगळ्यात जास्त चुऱ्यावर. म्हणजे हातात पडणारा अंमल पैशाच्या हिशेबाने साधारण सारखाच. उरलेली आवड ही सवयीची आणि गावातल्या दुकानदाराने कोणता माल ठेवला त्याची.

आज अमेरिका-कॅनडातल्या परवानाधारक दुकानांत गांजाच्या जातींची शेकडो नावं असतात आणि ‘मला हीच मानवते’ असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो. हा वाद नवा नाही. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन यांनी हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला आणि त्यातून डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमलं गेलं. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बेताने घेतलेल्या नशेने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, हा त्याचा निष्कर्ष बहुतेकांना ठाऊक असतो. पण अहवालाची खरी श्रीमंती साक्षींमध्ये आहे. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, जमीनदार, व्यापारी असे सगळे तिथे बोलतात, आणि कोण काय घेतं, का घेतं याचा देशाचा नकाशाच त्यातून उभा राहतो.

नकाशा पाहिला की आवडीचं पहिलं कारण डोळ्यांत भरतं: जवळ काय मिळतं. हिमालयाच्या पायथ्याला भांग रानोमाळ उगवते, म्हणून उत्तरेत पाटा-वरवंट्यावर वाटलेली भांग. पंजाबच्या चिलमीत चरस, कारण यारकंदहून काराकोरमची खिंड आणि लेह ओलांडून येणारा माल होशियारपूर, अमृतसरच्या पेढ्यांवर उतरे. १९३० च्या दशकात तिकडून निर्यात बंद झाली, तेव्हा ओढणाऱ्यांना आपली ‘आवड’ बदलावी लागली. बंगालला नौगावचा गांजा, मध्य प्रांताला खांडव्याचा.

आणि मुंबई इलाख्याला अहमदनगरचा. गुजरात आणि सिंधकडे भांग पिण्याची रीत मोठी. देशावर मात्र चिलीम. बैरागी, गोसावी, हमाल, कष्टकरी यांची ही नशा, हे साक्षीदार पुन्हा पुन्हा सांगतात. मराठीने तिची सगळी अवजारं नावानिशी जपली आहेत: चिलीम, तिच्यातला खडा, तोंडाशी धरायची ओली छापी. ओढणाऱ्याला ‘गांजेकस’ म्हणताना मात्र शब्दातच तुच्छता आहे. भांग पिणाऱ्यासाठी तेवढा झोंबणारा शब्द सहसा वापरात नाही. शिवरात्रीला आणि होळीला बडीशेप, मिरी, खसखस घालून घोटलेली भांग चांगल्या घरातही चाले, तोच माणूस चिलमीला हात लावताना दहादा विचार करी. झाड एकच, पण वाटलं की प्रसाद आणि ओढलं की व्यसन! आवडनिवड ठरवण्यात जिभेइतकाच जातीचा आणि चारचौघांचा हात असतो, याचा एवढा उघड पुरावा दुसरा सापडणं कठीण.

पण सगळंच समाजावर ढकलता येत नाही. नोव्हेंबर १८३८ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी संधिवाताच्या तीन रोग्यांना एकाच वेळी भांगेच्या झाडाच्या राळेचा एकेक ग्रेन दिला. ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. दोन तासांत त्यातला एक बडबडू लागला, गाणी म्हणू लागला, जेवण वाढा म्हणून ओरडू लागला. रात्री पाहावं तर हात वर उचलून ठेवला की तो तसाच अधांतरी राहत होता. तिसऱ्याला काहीच झालं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तो रोजचा चिलीमबहाद्दर होता. मात्रा एक, वेळ एक, पण मुरलेल्या शरीराने ती पचवून टाकली होती.

त्याच्याही पावणेतीनशे वर्षं आधी, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधांवरचा ग्रंथ छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, त्यामुळे त्याची माहिती नुसती ऐकीव नाही. त्याच्या नोकरांना भांगेने कामाचा शीण कळेनासा होई आणि भूक लागे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाला मात्र ती घेतली की रात्री बसल्या जागी पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून येता येत असे. नोकर श्रमांसाठी घेतो आणि सुलतान सफरीसाठी. ओर्ताने हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवलं, त्यावर प्रवचन दिलं नाही.

उलगडा व्हायला विसावं शतक यावं लागलं. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारं मूळ द्रव्य, म्हणजे टीएचसी, वेगळं काढलं. ते जिथे जाऊन चिकटतं ती मेंदूतली जागा पुढे सापडली, आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेलं तसंच द्रव्यही हाती लागलं. त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, संस्कृत ‘आनंदा’वरून. टीएचसी मोडून काढणारं यकृतातलं एक विकर काहींच्या शरीरात जन्मतःच मंद असतं. त्यांना तेवढाच डोस जास्त वेळ छळतो. चिलमीचा धूर काही मिनिटांत मेंदूला भिडतो. प्यायलेली भांग आधी यकृतातून जाते, तिथे टीएचसीचं जास्त जहाल रूप तयार होतं आणि तास-दोन तासांनी ते अंगावर येतं. म्हणूनच ‘काही होत नाही’ म्हणत होळीला दुसरा पेला घेणाऱ्याची संध्याकाळी फजिती होते.

जातीच्या नावांवर मात्र फार विसंबू नये. ‘इंडिका’ हे नाव लामार्क यांनी १७८५ मध्ये हिंदुस्थानातल्या झाडाला दिलं, ते झाडाच्या वळणावरून. इंडिका सुस्ती आणते आणि सटायवा तरतरी, ही वाटणी नंतर बाजारात रूढ झाली. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ८१ नमुन्यांची जनुकं तपासली, तेव्हा एकाच नावाने विकले जाणारे नमुने कित्येकदा एकमेकांचे जवळचे नातलगही निघाले नाहीत. त्यापेक्षा नौगावचा ‘पोद्दार’ भरवशाचा. नोव्हेंबरात तो शेतातून ओळीओळीने फिरे आणि नराचं रोप नेमकं ओळखून उपटून टाकी, कारण मादीला बी धरलं की राळ घटते. त्याच्या नजरेतून एखादं रोप निसटलं तर भोवतीच्या सगळ्या पिकाचा कस जाई.

नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये स्वतःची सहकारी सोसायटी काढली होती आणि पुढे कित्येक वर्षं तिने व्यापार सांभाळला. १९८७ मध्ये बांगलादेशाने लागवड बंद केली. भारतात १९८५ च्या कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली आणि शेंड्यावेगळी नुसती पानं तिच्यातून वगळली. म्हणून वाराणसीत भांगेचं सरकारमान्य दुकान आजही उघडं असतं, आणि त्याच झाडाचा तुरा खिशात सापडला तर तुरुंग.