पायताण आणि पोटरी

आमच्या सीमाभागात चपलेला आजही पायताण म्हणतात. शाळेत मात्र पायताणाला जागा नाही. तिथे काळे बूट. मुख्याध्यापक झालो त्या वर्षी प्रार्थनेच्या रांगेतून मी एका मुलाला बाजूला उभे केले होते. त्याच्या पायात अथणीची चामडी चप्पल होती, त्याच्या वडिलांनीच शिवलेली. ‘बूट का नाहीत?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. ‘बूटच का?’ असे त्याने विचारले असते, तर माझ्याकडेही नव्हते. इतिहास शिकवणाऱ्याला हे शोभणारे नव्हते.

बुटाचा दिमाख पायाच्या काळजीतून आला नाही. तो मानापमानातून आला. आपल्याकडे देवळात आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत वहाणा बाहेर काढूनच जायचे. कंपनी सरकारने हाच रिवाज उचलला आणि देशी माणसाने जोडे काढून साहेबापुढे यावे, असा आग्रह धरला. पुढे शिकलेली मंडळी विलायती बूट-मोजे घालू लागली, तेव्हा पेच पडला. १८५४ साली बंगालपुरता ठराव झाला, की दरबारात विलायती बूट घालून येणाऱ्या देशी गृहस्थाला ते काढावे लागणार नाहीत. देशी जोडा मात्र दाराबाहेरच राहिला. बूट म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण अशा ठरावांनी पक्के केले. ते आमच्या गणवेशापर्यंत झिरपले, असे मला वाटते.

या साऱ्यात पायाला कोणी विचारले नाही. चालताना टाच टेकते, तेव्हा नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल अलगद खाली उतरवतो. मग पोटरी देहाचा भार पेलून आपल्याला पुढे ढकलते. तळव्यातले लहान स्नायू पावलाची कमान सावरतात. पायात काय घातले आहे, त्यावर ही कामाची वाटणी बदलते. बूट घातलेली मुले लांब टांगा टाकतात. नडगीच्या स्नायूला काम वाढते आणि पावलाची स्वतःची हालचाल कमी होते. उंच टाचेची सवय झाली, तर पोटरीचे तंतूच आखूड होतात. टाचेला पट्टा नसलेली चप्पल पायात राहावी म्हणून बोटांना ती धरून ठेवावी लागते.

राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. ही पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के आढळले, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. चप्पल-सँडलवाल्यांत त्याहून कमी.

म्हणून मुलांनी अनवाणी हिंडावे, असे मी म्हणणार नाही. काटे, काचा आणि मातीतले जंत यांचा त्रास गरिबाच्या पायांनीच अधिक सोसला आहे. मैदानावर धावायला बूटच बरे. पण बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची, सपाट तळाची, बोटे मोकळी ठेवणारी चप्पल गैरशिस्त कशी ठरते?

या चपलेला २०१९ साली जी.आय. मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. भाषेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना पायताणाने एका कागदावर आणले! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या. टीका झाल्यावर त्यांनी मूळ कारागिरीची कबुली दिली.

कबुली मलाही द्यायची होती. आता आमच्या शाळेत बूट फक्त खेळाच्या तासाला लागतात. एरवी पायाला नीट बसेल ते पायताण चालते. त्या मुलाच्या वडिलांना भेटून मी हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. माझ्या पावलाचे माप तेवढे कागदावर काढून घेतले.