भोपळा, जायफळ आणि राख : एका घरगुती केकची जन्मकथा

१/
ऑक्टोबर लागला, की अमेरिकेतील घराघरांतून एक ओळखीचा सुगंध दरवळू लागतो. शिजवून गाळलेला भोपळा, मैदा, साखर, अंडी आणि जोडीला दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. ओव्हनमधून निघणारा हा केक वा मफिन म्हणजे तेथील लोकांच्या लेखी जणू घराचाच वास. परंतु या वासामागे तीन खंडांचा इतिहास उभा आहे, आणि तो सारा गोड नाही.

२/
आरंभ भोपळ्यापासून. मेक्सिकोतील ओआखाका प्रांतात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तेथे सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. अमेरिका खंडात मक्याच्याही आधी माणसाने भोपळा आपलासा केला होता. रानटी भोपळ्याचा गर कडूजहर असे. त्यामुळे प्रारंभी बिया खाण्यासाठी आणि कठीण कवच भांड्यासारखे वापरण्यासाठीच त्याचा उपयोग होत असावा. कमी कडू फळांचे बी राखून पुन्हा पेरणाऱ्या असंख्य अनाम हातांनी तो गोड केला.

३/
उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी आणि इतर आदिवासी समाज मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत. या पिकांना ते 'तीन बहिणी' म्हणत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटाला धरून चढे, त्याच्या मुळांवरील जिवाणू जमिनीला नत्र पुरवत, आणि भोपळ्याची रुंद पाने ओल धरून तण दाबून टाकत. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये उतरलेले इंग्रज वसाहतकार जगले, ते बऱ्याच अंशी या शेतीज्ञानावर.

४/
१६७२ साली लंडनमध्ये जॉन जोसेलिन या प्रवाशाचे न्यू इंग्लंडवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथील गृहिणी भोपळा कसा रांधतात, हे त्याने नोंदवले आहे. फोडी करून त्या भांड्यात मंद आचेवर दिवसभर शिजवायच्या, मग लोणी, व्हिनेगर आणि आल्यासारखा मसाला घालून वाढायच्या. केक अजून दूर होता. परंतु भोपळा आणि मसाला यांची गाठ पडली होती.

५/
आता दुसरा धागा : जायफळ. त्या काळी जगातले सारे जायफळ आणि जायपत्री इंडोनेशियातील बांदा या इवल्याशा द्वीपसमूहातून येई. एकाच फळाची बी म्हणजे जायफळ आणि त्या बीवरील लाल जाळी म्हणजे जायपत्री. युरोपात पोहोचेपर्यंत त्यांची किंमत कैक पटींनी चढे. हा व्यापार एकहाती आपल्याकडे असावा, यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनी कोणत्याही थराला जाण्यास सिद्ध होती.

६/
१६२१ साली कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने बांदावर स्वारी केली. बेटावरील ४४ प्रमुखांचा शिरच्छेद करण्यात आला. सुमारे १५,००० मानल्या जाणाऱ्या लोकसंख्येपैकी बहुतेक लोक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा परागंदा झाले. उजाड झालेल्या बागा मग डच मालकांना वाटण्यात आल्या, आणि त्या राबवण्यासाठी बाहेरून गुलाम आणले गेले.

७/
बांदातीलच 'रन' या चिमुकल्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. १६६७ च्या ब्रेडा तहात तो दावा त्यांनी सोडला. त्याच तहाने उत्तर अमेरिकेतील एक वसाहत, जी इंग्रजांनी तीन वर्षांपूर्वी डचांकडून घेतली होती, त्यांच्याकडेच राहिली. तिचे जुने नाव न्यू ॲमस्टरडॅम, आजचे न्यूयॉर्क. भोपळ्याची भूमी आणि जायफळाची भूमी एकाच कागदावर आल्या.

८/
१७९६ साली कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे ४७ पानांचे एक छोटे पुस्तक छापले गेले : 'अमेरिकन कुकरी'. अमेरिकी व्यक्तीने लिहिलेले आणि अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते. लेखिका अमेलिया सिमन्स. तिच्याविषयी इतिहासाला फारच थोडे ठाऊक आहे. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख एवढीच दिली : एक अमेरिकी अनाथ. आईवडील गमावून परक्या घरी चाकरी करावी लागणाऱ्या मुलींच्या उपयोगी पडावे, हा हेतूही तिने प्रस्तावनेत मांडला.

९/
या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत. पहिली श्रीमंती थाटाची : साय, नऊ अंडी, साखर, जायपत्री, जायफळ आणि आले. दुसरी बेताची : दूध, चार अंडी, काकवी, ऑलस्पाइस आणि आले. दोन्हींत भोपळ्याचे मिश्रण पिठाच्या पारीत घालून भाजायचे. आजच्या भोपळा-पायचा आणि पर्यायाने मसालेदार केकच्या चवीचा नकाशा येथे स्पष्ट दिसतो.

१०/
गरिबाच्या त्या कृतीतली काकवी कोठून येई? कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून, जेथे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. ऑलस्पाइसही त्याच परिसरातला, जमैकासारख्या बेटांवरचा. म्हणजे एका अनाथ मुलीने दुसऱ्या अनाथ मुलींसाठी लिहिलेल्या साध्या कृतीतही कोणाच्या तरी हिरावलेल्या स्वातंत्र्याचा अंश विरघळलेला होता.

११/
तिसरा धागा : राख. त्या काळी केक फुगवायचा, तर यीस्ट हवे, नाहीतर अंडी दीर्घकाळ फेटायला दोन बळकट हात हवेत. ते हात बहुधा मोलकरणीचे वा गुलाम स्त्रीचे असत. अमेरिकेत जंगले उदंड. लाकडाच्या राखेपासून 'पर्लॅश' नावाचा पांढरा क्षार तयार होई. काकवी वा आंबट दुधाशी त्याचा संयोग झाला, की कार्बन डायऑक्साइड सुटे आणि पीठ हलके होई. सिमन्सने आपल्या काही पदार्थांत तो वापरला आहे.

१२/
या क्षाराचे महत्त्व एवढे, की अमेरिकेचे पहिले पेटंट पोटॅश व पर्लॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीलाच मिळाले. ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना दिलेल्या त्या पेटंटवर जॉर्ज वॉशिंग्टन यांची स्वाक्षरी आहे. परंतु पर्लॅशला एक खोड होती : तुपालोण्याशी मिळून ते पदार्थाला साबणासारखी चव आणी. १८४६ पासून चर्च आणि ड्वाइट यांनी खाण्याचा सोडा विकायला आणला, पुढे बेकिंग पावडरही आली, आणि यीस्टवाचून झटपट फुगणारा अमेरिकी मफिन घरोघरी शक्य झाला.

१३/
विसाव्या शतकात उरलेसुरले श्रमही डबाबंद झाले. १९२९ साली लिबी कंपनीने इलिनॉयमधील मॉर्टन येथे भोपळ्याच्या डबाबंदीचा व्यवसाय हाती घेतला. १९३४ साली मॅककॉर्मिक कंपनीने दालचिनी, आले, जायफळ आणि ऑलस्पाइस यांचा तयार मसाला बाजारात आणला. २००३ साली स्टारबक्सने 'पम्पकिन स्पाइस लाटे' आणली, तेव्हा तिच्यात भोपळा मुळीच नव्हता. तो २०१५ साली घालण्यात आला. मसाल्याचा वास एवढाच भोपळ्याची आठवण होण्यास पुरेसा ठरला होता!

१४/
या कथेचा एक फाटा महाराष्ट्रातही येतो. दुधी भोपळा भारतात प्राचीन. तांबडा भोपळा मात्र अमेरिकेचा, युरोपीय जहाजांच्या वाटेने सोळाव्या शतकानंतर येथे आलेला. मॉर्टनच्या डब्यांत जाणारा भोपळा आणि मराठी मंडईतला तांबडा भोपळा बहुधा एकाच जातीचे, म्हणजे सख्खे भाऊ. त्याचा कीस गुळासोबत शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक वा तांदळाची पिठी घालून मराठी गृहिणीने घारगे तळले आणि चवीला वेलची वा जायफळ घातले. ओव्हन नाही, सोडा नाही. परंतु मेक्सिकोचे फळ आणि बांदाची बी त्या कढईतही भेटलीच.

१५/
कून याचा पुतळा नेदरलँड्समधील होर्न या त्याच्या जन्मगावी आजही उभा आहे, आणि त्यावर वादही चालू आहे. कडू फळ गोड करणाऱ्या शेतकऱ्यांचा पुतळा कोठेही नाही. अमेलिया सिमन्सचे चित्र उपलब्ध नाही. बांदाच्या बागांत राबलेल्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत. त्यांचे स्मारक एकच : थंडीच्या संध्याकाळी, कोणा घरी, ओव्हनचे दार उघडताच येणारा तो वास.