समासातील अमेरिका

अमेरिकेतील आरंभीच्या वसाहतींचा सांस्कृतिक इतिहास आपल्याकडे बहुधा प्युरिटनांच्या प्रवचनांवरून आणि दैनंदिन्यांवरून अभ्यासला जातो. मूलनिवासी त्यात दिसतात ते केवळ वर्ण्यविषय म्हणून. तथापि अमेरिकेत छापलेले पहिले संपूर्ण बायबल इंग्रजी नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १६६३ साली सिद्ध झालेला तो ग्रंथ वांपानोआग आणि त्यांच्या शेजारच्या लोकांच्या भाषेत होता; संपूर्ण इंग्रजी बायबल तेथे छापले जायला १७८२ साल उजाडले.

मुखपृष्ठावर नाव जॉन एलियट या धर्मोपदेशकाचे. भाषांतरात त्याला साहाय्य करणारा जॉब नेसुटन आणि खिळे जुळविणारा निपमक तरुण जेम्स प्रिंटर यांची नावे तेथे नाहीत. १६७५-७६च्या युद्धात नेसुटन इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला, पुष्कळ प्रती नष्ट झाल्या. १६८५च्या दुसऱ्या आवृत्तीचा जुळारी पुन्हा प्रिंटरच होता.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६च्या आवृत्तीची एकही प्रत हाती न उरल्याचे शल्य बाळगणाऱ्या मराठी अभ्यासकाला एलियटच्या उरलेल्या प्रतींचे मोल निराळे सांगावयास नको. या प्रतींच्या समासांत मूलनिवासी वाचकांनी स्वभाषेत मालकीच्या नोंदी केल्या, आत्मनिंदा आणि विलापही लिहिले. गोडार्ड व ब्रॅग्डन यांनी १९८८ साली ही सामग्री सानुवाद प्रसिद्ध केली. धर्मांतरासाठी छापलेल्या याच पानांच्या आधारे १९९३पासून वांपानोआगांनी शतकाहून अधिक काळ मूक झालेली आपली भाषा पुन्हा बोलावयास घेतली आहे.