परिच्छेद अठरा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी शेजारचा अहमदनगर जिल्हा स्वतंत्र झाला. बीड जिल्ह्यातले, मांजरसुंब्याच्या घाटावरचे नेकनूर मात्र निजामाच्याच राज्यात राहिले, आणखी तेरा महिने. हे टळण्यासारखे होते का, याचा शोध ब्रिटिशांच्याच कागदांत घेता येतो.

२७ मार्च १९२६ रोजी वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामाला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी बजावले: ब्रिटिश राजसत्तेचे वर्चस्व केवळ तहांवर उभे नाही, कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीने बोलू नये. वीस वर्षांनी, १२ मे १९४६ च्या खलित्यात, कॅबिनेट मिशनने ठरवले की हे वर्चस्व नव्या सरकारकडे सोपवायचे नाही. ते संपेल आणि संस्थानिकांनी दिलेले हक्क त्यांच्याकडे परत जातील. हुकूम गाजवताना तहांहून मोठी असलेली सत्ता जबाबदारी निभावायच्या वेळी तहांमागे लपली.

माझ्या मते सर्वांत बोलका कागद आहे ३ जून १९४७ च्या फाळणीच्या योजनेचा. तिच्या अकराव्या परिच्छेदात वायव्य सरहद्द प्रांतासाठी सार्वमत आहे, तेराव्यात सिल्हेटसाठी. जुलैत दोन्हीकडे मतदान झालेही. अठराव्या परिच्छेदात संस्थानांविषयी इतकेच, की पूर्वीचे धोरण कायम. हैदराबादच्या दीड कोटींहून अधिक रयतेला कोणी विचारले नाही. वेळ नव्हता म्हणावे, तर ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी फेब्रुवारीत दिलेली मुदत जून १९४८ पर्यंतची होती. ती लंडनने आणि व्हाइसरॉय माउंटबॅटननी मिळून अलीकडे ओढली.

पुढे २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा जैसे थे करार झाला. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० माणसे मेली, असा तिचा अंदाज आहे.

सार्वमताने हे सगळे मृत्यू टळले असते, असे या कागदांवरून म्हणता येत नाही. पण रक्त सांडण्याआधी लोकांना विचारण्याचा मार्ग लंडनला माहीत होता, त्याच योजनेत दोन ठिकाणी तो वापरलाही गेला, आणि बीडच्या रयतेपुरता तो जाणूनबुजून सोडून देण्यात आला. हा दोष ब्रिटिश सरकारचाच.