वाकळ, उखाणा आणि बेळगावची यमुना

सीमाभागाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सनावळीच उभी राहते. १९४६ चे बेळगावचे साहित्य संमेलन आणि त्यातली संयुक्त महाराष्ट्राची मागणी, १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा. हा इतिहास ठरावांचा आणि मोर्चांचा आहे. तो लिहिला गेला पाहिजे आणि लिहिला गेलाही आहे. पण त्याच वर्षांत, त्याच घरांच्या सोप्यावर, जेवणे उरकल्यानंतरच्या दोन तासांत काय चालत असे, याची नोंद कुणी ठेवली नाही. तिथे वाकळ शिवली जात होती, उखाणे घातले जात होते आणि घरात जिला वाचता येत होते ती काहीतरी वाचून दाखवत होती. या तिसऱ्या गोष्टीत बेळगावच्या एका सुपुत्राने साऱ्या मराठीला एक मोठी वस्तू दिली. ती आपण आपली म्हणून कधी मिरवली नाही. त्याविषयी लिहायचे आहे. पण वाटेत वाकळ आणि उखाणा लागतात, त्यांना ओलांडून जाता येत नाही.

पुण्याकडे गोधडी म्हणतात ती आपली वाकळ. शेजारची कानडी मावशी तिलाच कौदी म्हणते. नाव कोणतेही घ्या, आतला माल एकच. जुने इरकल, शहापूर-वडगावच्या मागावरचे विटलेले लुगडे, आजोबांचे धोतर आणि काठाला गुळेदगुड्डच्या खणाची पट्टी. इरकल हे इळकलचे, म्हणजे मुलूख कानडी. पण निपाणी-कोल्हापूरकडच्या मराठी बाईला ते परके कधीच वाटले नाही. शहापूरची गंमत तर आणखी वेगळी. आज बेळगावात मिसळून गेलेले हे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. इंग्रजी अंमलातल्या बेळगावातून चार पावले चालत जावे, तर पटवर्धनांच्या राज्यात लुगडे विकत मिळे. ती सीमा पुसली गेली, लुगडे फाटले आणि वाकळीत गेले.

वाकळीला मोठे हत्यार लागत नाही. जमिनीवर जुनी लुगडी अंथरायची, थर लावायचे, वर ठिगळांची मांडणी करायची आणि कडेपासून धावदोरा घालत सुटायचे. एकटीने बसले तर पंधरवडा जातो. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर आठवड्यात हातावेगळी होते. जीर्ण झालेली वाकळ टाकून देत नाहीत, तीच नव्या वाकळीच्या आत भर म्हणून जाते. त्यामुळे वाकळीचा इतिहास लिहिणाराची पंचाईत होते, कारण ती आपला पुरावा आपल्याच पोटात घालून ठेवते. शंभर वर्षांपूर्वीची वाकळ पाहायला मिळणे म्हणूनच कठीण.

याला ‘विरंगुळा’ म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला पाने कातरता कातरता दुपार संपून जाते. तिची वाकळ रात्रीच्या दिव्याखाली पुरी व्हायची. विरंगुळा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. तरीही काम संपल्यावर हातात घेतलेली सुई आणि पोटासाठी वळलेली विडी यांत फरक असतो, आणि तो फरक बायकांनाच नीट ठाऊक असतो.

सुई चालू असता तोंड मोकळे असते, तेव्हा उखाणे सुरू होत. उखाणा या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक कोडे, आणि दुसरा नवऱ्याचे नाव घेण्याची ओळ. उत्तर कानडीतल्या ‘ओडपु’ या शब्दालाही नेमके हेच दोन अर्थ आहेत. नवऱ्याचे नाव सरळ उच्चारायचे नाही, हा रिवाज दोन्ही भाषांत होता. मग नाव ओळीत दडवायचे आणि कोड्याच्या उत्तरासारखे शेवटी काढायचे. कुणी कुणाकडून घेतले याचा वाद पंडितांनी घालावा. सीमाभागातल्या लग्नात मराठी उखाण्यावर कानडी ओडपाने टोला दिला की मांडव हसतो, एवढे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पुढे कोडे कागदावर आले. चौकटींचे शब्दकोडे पहिल्यांदा १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापले गेले. आर्थर विन हे त्याच्या कर्त्याचे नाव. आपल्या लिपीत आल्यावर त्याचा स्वभाव पालटला. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसह सबंध अक्षर, जोडाक्षर असले तर तेही, एकाच घरात राहते. कानडी कोड्याचीही रीत तीच. म्हणून शाळेत कानडी शिकणारे पोर घरी आजीचे मराठी कोडे सहज सोडवू लागते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. भाषेच्या सीमावादाबरोबरच मुंबई राज्य आणि म्हैसूर यांच्यामध्ये शब्दकोड्याचाही एक तंटा झाला होता. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून बक्षिसांची कोडी निघत आणि मुंबई राज्यात त्यांचा मोठा खप होता. मुंबई सरकारने १९४८ चा आपला कायदा १९५२ मध्ये सुधारून बाहेरच्या राज्यात छापलेल्या पत्रांनाही त्यात ओढले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये निकाल मुंबई राज्याच्या बाजूने लागला. तोवर बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलेले होते! त्याआधीच १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांना महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली होती. त्यानंतर कोडे पुन्हा निरागस झाले.

कोडे सोडविणाऱ्याला समानार्थी शब्दांची शिदोरी लागते. मराठीत तशी शिदोरी बांधून देणारा ‘शब्दरत्नावली’ हा ग्रंथ १८६० साली निघाला. त्याचे कर्ते बाबा पदमनजी, आणि ते आपल्या बेळगावचे. त्यांचा जन्म तिथलाच, १८३१ सालचा. पहिले शिक्षण लंडन मिशनच्या शाळेत, पुढचे मुंबईस. १८५२ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही बेळगावातच. आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक तिचेच नाव घेतात. काहीजण हा मान लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या १८६१ च्या ‘मुक्तामाले’ला देऊ पाहतात; पण सामाजिक कादंबरी म्हटली की यमुनेला टाळता येत नाही.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, कादंबरी त्याच्या पुढल्याच वर्षाची. यमुना शिकलेली आहे, तिचा नवरा विनायक सुधारक विचारांचा. दोघे प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना एकामागून एक विधवांच्या कहाण्या कळत जातात. पुढे विनायक मरण पावतो आणि जे आजवर ऐकले ते यमुनेच्याच वाट्याला येते. केशवपनाचे संकट उभे राहते. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते.

माझे मत विचाराल तर शेवटचा भाग उपदेशाच्या ओझ्याने वाकलेला आहे. कथा थांबते आणि प्रवचन सुरू होते. पण या पुस्तकाचे खरे नवेपण धर्मांतरात नाहीच, ते नवरा-बायकोच्या बोलण्यात आहे. घरात चारचौघांदेखत नवऱ्याने बायकोशी दिवसा बोलू नये असा ज्या काळचा दंडक, त्या काळात ही दोघे बरोबर प्रवास करतात, विचारपूस करतात, एकमेकांचे ऐकतात. मराठी गद्यातला हा शांत संसारी प्रेमाचा बहुधा पहिलाच विस्तृत देखावा. बंगालीत हॅना मलेन्स बाईंनी १८५२ मध्ये ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ लिहिले, तेही ख्रिस्ती घरसंसाराचेच. घरातल्या बाईने फुरसतीत वाचावे असे गद्य आपल्या देशी भाषांत आणण्यात या मंडळींचा हात मोठा होता, हे मान्य करायला काय हरकत आहे?

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचे नावच ‘करमणूक’. त्यातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमुनाच आहे आणि तिच्यापुढेही तेच केशवपन आहे. ती यमू घराघरांत रडवून गेली. बेळगावकराची यमुना मात्र अभ्यासक्रमाच्या टिपणात राहिली. कारण उघड आहे. एकीने धर्म सोडला नाही, दुसरीने सोडला. आपल्या संमेलनांत बेळगावच्या मराठीपणाचे दाखले देताना आपण पुष्कळ नावे घेतो, पदमनजींचे क्वचितच. ज्याने मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ मध्ये तयार केली, ‘अरुणोदय’सारखे आत्मचरित्र लिहिले, १९०६ मध्ये मरेपर्यंत ज्याने मराठीतच लेखन केले, त्याच्याहून अधिक मराठी दाखला बेळगाव कुठून आणणार? उपदेश पटत नसेल तर तेवढी पाने उलटावीत. आपल्या आज्यांनी कितीतरी पोथ्या याच रीतीने वाचल्या.

धर्माने शिवण तुटत नाही, याचा दाखला फार लांब नाही. बेळगावहून खानापूर ओलांडून हल्याळ-यल्लापूरकडे गेले की सिद्दी वस्त्या लागतात. मूळ आफ्रिकेतून आलेले हे लोक हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. बोलण्यात कोकणी, मराठी, कानडी सारे मिसळलेले. त्यांच्या बायका शिवतात ती ‘कवंदी’. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि काठाकाठाने फिरत मध्याकडे येतात. ख्रिस्ती घरातली बाई कधी ठिगळांतून क्रूस काढते, मुसलमान बाई चंद्रकोर. २००४ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली आणि या कवंद्या परदेशापर्यंत पोहोचल्या. टाका मात्र तिन्ही धर्मांत एकच, तोच आपला धावदोरा. आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावल्याखेरीज तिथे कुणीही कवंदी पुरी झाली असे म्हणत नाही. फुलांवाचून ती नागडी, असे त्या म्हणतात.