जुन्या व्यापारी संकुलांना उपाहारगृहांचा आधार

जयपूर शहराच्या दक्षिण भागातील मालवीय नगर या वसाहतीत गौरव टॉवर हे जुने व्यापारी संकुल आहे. स्थानिक तरुण त्यास नुसते ‘जीटी’ म्हणतात. २०१२ मध्ये जवळच जवाहरलाल नेहरू मार्गावर वर्ल्ड ट्रेड पार्क हे भव्य संकुल सुरू झाले. तरीही गौरव टॉवरच्या परिसरातील वर्दळ संपलेली नाही, कारण कपडे वा पादत्राणे नव्या ठिकाणी मिळत असली तरी मित्रांसमवेत बसून खाण्याची सवय सहसा जागा बदलत नाही. महाविद्यालयीन तरुणांची वस्ती जवळ असणे, ही या संकुलाची जमेची बाजू आहे.

देशातील अनेक शहरांत असेच चित्र दिसते. घरपोच वस्तू देणाऱ्या ऑनलाइन दुकानांमुळे जुन्या संकुलांतील गाळे ओस पडू लागले. ताज्या जेवणाबरोबर सहवासही विकणारे उपाहारगृह मात्र ग्राहकाला घराबाहेर काढते. त्यामुळे संकुलांचे मालक उपाहारगृहांना ठरावीक किमान भाडे किंवा विक्रीतील हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल त्या तत्त्वावर जागा देतात. मालकाचे उत्पन्न अशा प्रकारे थेट गल्ल्याशी जोडले जाते.

या प्रयोगाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मुंबईच्या गिरणगावात आढळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर येथील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस करमणूक केंद्र व उपाहारगृहे आली आणि पुढे तेथेच मोठा मॉल उभा राहिला. शेजारच्या कमला मिलमध्ये कार्यालयांपाठोपाठ मद्यालये व खाद्यगृहांची दाटी झाली. याच परिसरात एकेकाळी गिरणी कामगारांसाठी स्त्रिया घरगुती खानावळी चालवीत. त्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. गिरणगावाला परक्यांना जेवू घालण्याचा व्यवसाय नवा नव्हता. नवे होते ते गिऱ्हाईक आणि दर.

परंतु यंत्रांसाठी वा कार्यालयांसाठी बांधलेली इमारत स्वयंपाकासाठी सिद्ध नसते. धूर बाहेर नेणारी वाहिनी, गॅसचा साठा, सांडपाण्यातील चरबी अडविणारी टाकी आणि दुसरा मोकळा जिना, या सर्व गोष्टी मागाहून बसवाव्या लागतात. छतावरील जागा तर अनेकदा ताडपत्री व बांबूंनी झाकूनच वापरात आणली जाते. मालकाला भाडे हवे असते, चालकाला टेबले वाढवायची असतात आणि जिन्यातील अडगळ कोणाच्याच हिशेबात येत नाही.

त्याची किंमत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मोजावी लागली. कमला मिलमधील ‘वन अबव्ह’ व ‘मोजोज बिस्ट्रो’ या छतावरील शेजारी उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी बहुतेक जण गुदमरून दगावले. हुक्क्यासाठी पेटविलेल्या कोळशाच्या ठिणग्यांनी आग लागल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या अहवालात नोंदविण्यात आला. त्यानंतर महापालिकेने शहरातील शेकडो ठिकाणची अनधिकृत बांधकामे पाडली, तर राज्य शासनाने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. पाडकामाची ही तत्परता अपघातापूर्वी दिसली असती, तर ते अधिक योग्य ठरले असते.

दुर्घटनेनंतरही धोरणाची दिशा बदलली नाही. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील अनिवासी भागांतील मॉल व गिरण्यांच्या आवारांतील दुकाने आणि उपाहारगृहे रात्रभर खुली ठेवण्यास मान्यता दिली. मद्यविक्रीची वेळ मात्र रात्री दीडपर्यंतच ठेवण्यात आली. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागू झाली.

हाजी अलीजवळ १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॉसरोड्स’ला, म्हणजेच पुढच्या ‘सोबो सेंट्रल’ला, असा आधार पुरेसा लाभला नाही. देशातील पहिल्या आधुनिक मॉलपैकी एक म्हणून गाजलेल्या या वास्तूत आरंभी प्रवेशासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे. करोनाकाळानंतर तेथील बहुतेक गाळ्यांना टाळे लागले.